कड्याखालचा जामीन

ओल्दोरा हा ज्वालामुखी डोंगर गेला महिनाभर कुरकुरत होता आणि त्याच्या पायथ्याच्या वेधशाळेत हेमांगी चाळके निवांत पोहे खात होती. टेबल थरथरलं की तिचे केनियन सहकारी दाराकडे बघत, आणि ही बाई फक्त कपावर हात ठेवी. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ती कोयनेच्या खोऱ्यातली. तिकडे जमीन हलली की माणसं लगेच पळत नाहीत, आधी चुलीवरचं भांडं धरतात. तिचे बाबा पातेल्याच्या झाकणावर तळहात ठेवून जरा थांबत, आणि हात काढून घेताना म्हणत, "बारका हाय. जाऊंदे." हे एवढं ऐकलं की लहानपणी तिला पुन्हा झोप लागे.

त्या सकाळी मात्र तिचा चमचा हवेतच राहिला, आणि तेव्हा जमीन अजिबात हलत नव्हती.

समोरच्या पडद्यावर ताणपट उघडा होता. ताणपट म्हणजे तिच्या अकरा वर्षांच्या कामाचं फळ. पूर्व आफ्रिकेतल्या त्या प्रचंड खचदरीच्या पोटात काचतंतूंच्या तारा पुरलेल्या होत्या आणि जागोजागी खोल विंधणात संवेदक सोडलेले होते. जमीन केसाएवढी ताणली गेली तरी ते त्यांना कळे. सगळ्यांची वार्ता एका यंत्रमेंदूकडे जाई आणि तो नकाशा रंगवी: धोका तिथे लाल, शंका तिथे पिवळा, निर्धास्त तिथे हिरवा. शाळा कुठे बांधायची, रस्ता कुठून न्यायचा, एवढंच काय, जमिनीचा विमा कुणाला द्यायचा, हे सारं आता त्या रंगांवर ठरत होतं. माणसांनी आकाशाकडे बघणं सोडलं होतं आणि ती ताणपटाकडे बघू लागली होती.

काही संवेदक बिघडतात. यंत्रमेंदू त्यांचं ऐकणं बंद करतो आणि त्यांच्या जागी करडा ठिपका ठेवतो. दुरुस्तीवाला ओमोंडी जाऊन नवा बसवून येतो. महिनाभरात तो दक्षिणेकडच्या भागात चारदा जाऊन आला होता आणि आज सकाळी तिकडचे नवे संवेदकही करडे झाले होते. हेमांगीनं सहज नकाशावरचे रंग पुसले आणि नुसते करडे ठिपके ठेवले. ते एका ओळीत होते. पूर्वेकडच्या कड्याच्या पायथ्यानं, जणू कुणी दोरी धरून मांडावेत तसे.

यंत्रं बिघडतात, पण एका ओळीत बिघडत नाहीत. म्हणजे ती बिघडलेली नव्हतीच. ती खरं सांगत होती आणि यंत्रमेंदूला ते पटत नव्हतं.

पोह्यांची बशी बाजूला सारून तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. बोटाखाली उसालामा होतं. स्वाहिली भाषेत उसालामा म्हणजे सुरक्षितता. गावाचं हे नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलं होतं. आणि त्या गावात, कड्याला सगळ्यांत लागून असलेल्या घरात, तिचे बाबा राहत होते.

*

इथे जमीन कशी फाटते ते थोडं सांगायला हवं, नाहीतर हेमांगीचं बोट त्या ओळीवर का थांबलं ते कळणार नाही.

कणकेचा जाड गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ओढून बघा. मधला भाग पातळ होत जातो. खंडाचंही तसंच होतं, फक्त नखं वाढतात त्याहूनही सावकाश. सुरुवातीला कवच थंड आणि जाड असतं. ते सहजी पातळ होत नाही, दोन्ही कडांना खोलवर तुटतं, मधली पट्टी खाली खचते आणि बाजूंना उंच कडे उभे राहतात. दरीच्या दोन्ही कडांच्या या भेगा लांब आणि खोल असतात. त्या शेकडो वर्षं गप्प बसतात आणि हलल्या की मोठ्या हलतात. पुढे लाखो वर्षांनी मधला भाग पातळ होतो, खालचा तप्त शिलारस वर चढतो आणि पाचरीसारखा भेगेत शिरतो. मग जमिनीला तुटायची गरज उरत नाही. ताण आला की शिलारस जागा भरून काढतो. तिथे ज्वालामुखी असतात आणि बारके, उथळ धक्के असतात, खूप असतात, पण मोठा भूकंप सहसा नसतो. कडा तोवर म्हाताऱ्या होऊन निवांत पडलेल्या असतात.

खचदरीचा उत्तरेकडचा भाग असा वयात आलेला आहे. दक्षिणेकडचा अजून कोवळा, मध्ये शिलारस आला आहे, पण कडाही अजून जिवंत. शिवाय ही दरी सलग नाही, तुकड्यातुकड्यांची आहे. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध ज्वालामुखी, आणि दोन तुकडे जुळतात तिथे काहीच नाही. तिथे दरी वळण घेते, शिलारस पोचत नाही, डोंगर धुमसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत जागा.

उसालामा तशाच जागी वसवलं होतं, कारण तिथे ज्वालामुखी नव्हता.

आणि ताणपटाचा यंत्रमेंदू शिकला होता उत्तरेत. पंधरा वर्षांची नोंद तिकडचीच होती, ती फुकटात मिळत होती आणि भरपूर होती. कडा कधी हलत नाहीत हे तो तिथे शिकला. दक्षिणेत कड हलायला लागली तेव्हा त्यानं ठरवलं की संवेदक बिघडला. म्हाताऱ्या माणसांवर शिकलेल्या वैद्यानं तापानं फणफणलेलं पोर बघून थर्मामीटर फेकून द्यावा, तसलाच प्रकार. यंत्रमेंदूला उत्तरेत शिकवायचं हेमांगीनंच ठरवलं होतं आणि ते ठरवताना तिनं फार वेळ घेतला नव्हता.

तिनं करडे ठिपके हातानं चालू केले आणि यंत्रमेंदूला बाजूला ठेवून गणित स्वतः मांडलं. ओल्दोराखालून निघालेली शिलारसाची पाचर महिनाभर दक्षिणेकडे सरकत होती, आणि दरी जिथे वळते तिथे येऊन थांबली होती. पाचर थांबली तरी तिचं टोक पुढे रेटत होतं. टोकापुढे रेट घ्यायला शिलारस नव्हता, होती ती फक्त कड्याची जुनी, गप्प भेग. गणितानं दिवस सांगितला नाही. गणितानं एवढंच सांगितलं की भेग आता तुटण्याच्या अगदी काठावर आहे.

महिनाभर डोंगराकडे बघून सगळे घाबरले होते आणि महिनाभर भीती चुकीच्या दिशेनं बघत होती.

*

नैरोबीहून डॉ. मुतुआ फोनवर आले. ते संचालक होते, सभ्य होते आणि त्यांना निर्णय आवडत नसत.

"समिती बसवतो," ते म्हणाले. "परवा."

"परवापर्यंत ती जागा राहील का, हे मला सांगता येत नाही, सर."

"उद्याच जाईल हे तरी सांगता येतं का?"

"नाही."

"मग कुणाला काही बोलू नका. दोन वर्षांपूर्वी डोंगराखालून सहा हजार माणसं उठवली आपण. आता त्यांना परत डोंगराकडे या म्हणायचं? ताणपट हिरवा असताना? लोक पुन्हा कधी आपल्या रंगावर विश्वास ठेवणार नाहीत." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुमचे वडील तिकडेच आहेत ना? त्यांनाही नाही."

ते शेवटचं वाक्य उगाच आलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी डोंगराखालची माणसं उठायला तयारच नव्हती. गुरं राखणारी माणसं ती. ज्वालामुखीच्या राखेवरची आपली गवताळ जमीन सोडून कड्याखाली जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा नासिएकू उभी राहिली होती. कान भरून मण्यांचे दागिने, तोंडात दात थोडे, आणि सगळा टापू तिच्या शब्दावर चालतो अशी बाई. ती हेमांगीला म्हणाली होती, "आमच्यात मोठा शब्द दिला की आपलं एक माणूस समोरच्याच्या घरी ठेवतात. शब्द खोटा पडला तर ते माणूस तिथेच असतं. तुझं कोण आहे?"

हेमांगीची आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा पाटणजवळच्या घरात एकटेच होते. तिनं त्यांना आणलं. कड्याला लागून पहिलं घर बांधलं ते त्यांचं. त्या संध्याकाळी म्हातारा पुढे दोन बकऱ्या घेऊन त्या घरात शिरला, आणि दुसऱ्या दिवसापासून सारा टापू आपलं चंबूगबाळं घेऊन त्याच्यामागे आला.

आता त्यांना तिथून हलवायचं म्हणजे काय, हे मुतुआंना चांगलं कळत होतं. हेमांगीलाही कळत होतं. तिनं गाडीची किल्ली घेतली.

*

उसालामा दुपारच्या उन्हात इतकं शांत होतं की तिच्या अंगावर काटा आला. ओल्दोराखाली सतत काहीतरी किणकिणत असे, खिडक्या, कप, टेबलाचे खिळे. इथे कशाचाच आवाज नव्हता. वर कडा उभा होता, लालसर, सरळ, गावावर सावली टाकणारा. या सावलीचं केवढं कौतुक केलं होतं सगळ्यांनी. दुपारी गारवा राहतो म्हणून शाळा मुद्दाम अगदी वरच्या बाजूला बांधली होती.

निरंजन कचेरीच्या ओट्यावर पाण्याच्या नळाचा हिशोब कुणाला तरी समजावत होता. तिचा नवरा, पुनर्वसनाचा प्रमुख. या गावातली प्रत्येक भिंत त्यानं स्वतः उभी राहून बांधून घेतली होती, आणि तो गावाबद्दल बोलायला लागला की माणसं घड्याळ बघत. तिनं त्याला आत नेलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाइलवर ताणपट उघडून तिच्यासमोर धरला. उसालामा हिरवंगार होतं.

"हे खोटं आहे?" त्यानं विचारलं.

"हो."

"दोन वर्षांपूर्वी हे खरं होतं. याच्यावर मी गाव बसवलं. तूच सांगितलंस म्हणून."

"मी चुकले, निरंजन. मी यंत्राला चुकीच्या जागी शिकवलं."

"आणि आज बरोबर आहेस हे कशावरून?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच तिला जास्त लागलं. "हेमा, ही माणसं मी आणली. म्हाताऱ्या बायका रडत होत्या, त्यांना हात धरून गाडीत बसवलं. आता पुन्हा उठा म्हणालो आणि काही झालं नाही, तर ती सरळ ओल्दोराच्या तोंडाशी जाऊन बसतील. मग तो फुटला तरी माझं कुणी ऐकणार नाही. माणसांना दोनदा उठवू नये. हे मला कुणी सांगितलं माहीत आहे? तुझ्या बाबांनी."

ते खरं होतं. बाबांच्या गावाला एकदा धरणासाठी आणि एकदा जंगलासाठी उठवलं होतं. दुसऱ्या खेपेला निम्मी माणसं कुठे गेली ते कुणाला कळलंच नाही.

"मला लेखी हुकूम दे," निरंजन म्हणाला. "मुतुआंच्या सहीचा. या क्षणी गाव उठवतो."

"हुकूम येणार नाही."

"मग मी इथेच बसणार."

त्यानं खुर्ची उचलून ओट्यावर ठेवली, सगळ्या गावाला दिसेल अशी, आणि तो बसला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याला ओढून नेता येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा भयंकर राग आला आणि तितकंच प्रेमही वाटलं.

*

बाबा अंगणात शेगडीवर चहा ठेवून बसले होते. त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता दुसरा कप काढला.

"डोंगर फुटतोय व्हय?"

"डोंगर नाही, बाबा. हा." तिनं मान वर केली. तेही वर बघत राहिले. या कड्याखाली त्यांनी दोन वर्षं काढली होती, वाल आणि दोडका लावला होता, स्वाहिलीत भाव करायला शिकले होते.

"कवा?"

"माहीत नाही. आज, उद्या. कदाचित महिन्यानं. कदाचित मी साफ चुकीची असेन."

"आन् जावईबापू?"

"त्यांना पटत नाही. वरून बोलायची बंदी आहे. पण मी तुम्हाला इथे ठेवू शकत नाही. गाडीत बसा, दवाखान्यात नेते असं सांगू."

बाबांनी चहा गाळला. अर्धा कप तिच्या हातात दिला.

"हे बघ हेमे. म्या हितं कशापायी हाय ते तुलाबी म्हाईत हाय आन् समद्या गावालाबी. मी चोरून गेलो, आन् मागनं ह्यो कडा खाली आला, तर तू उरलेलं आयुष्य कसं काढशील? आन् मी चोरून गेलो आन् कायबी झालं न्हाय, तर ह्या बाया मला काय म्हणतील? दवाखाना-बिवाखाना काय न्हाय. मी उठलो तर गाव उठंल. उठवायचं का न्हाय ते तू सांग. यंत्राला इचारू नको, त्या नैरोबीवाल्यालाबी इचारू नको. तुझं तू सांग."

तिला रडायला आलं. ती चुकली तर सहा हजार माणसं धुमसत्या डोंगराकडे तोंड करून माळावर बसतील आणि तो दोष कायमचा तिचा. तिनं गप्प राहायचं ठरवलं आणि ती बरोबर निघाली, तर... तो विचार तिनं पुरा केला नाही.

"उठा, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी शेगडी विझवली. वळकटी बांधली, पातेलं तिच्यात खोचलं, दोन्ही बकऱ्यांची दावी हातात घेतली आणि ते गावाच्या मधल्या रस्त्यानं निघाले. मुद्दाम हळू. प्रत्येक दारासमोरून. कुणी हाक मारली की थांबून मान डोलवत आणि पुढे चालत. हेमांगी त्यांच्यामागून चालत होती आणि प्रत्येक पावलाला तिला वर, कड्याच्या माथ्याकडे बघावंसं वाटत होतं, पण तिनं बघितलं नाही.

पाण्याच्या टाकीजवळ नासिएकू उभी होती.

"तुझा बाप कुठे निघाला?"

"कड्यापासून लांब. मधल्या माळावर."

"माळावर जमीन हलते. तिकडे धूर आहे."

"हो. पण तिथली जमीन हलून मोकळी होते आहे. इथली होत नाहीये. मला वाटतं हा कडा तुटणार आहे. कधी, ते मला कळत नाही. मी तुम्हाला इथे आणलं तेव्हा मला हे कळलं नव्हतं."

नासिएकूनं तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावर खुर्चीत बसलेल्या निरंजनकडे पाहिलं. एकीकडे बाप चाललेला, दुसरीकडे नवरा बसलेला. मग ती गोठ्याच्या फाटकाशी गेली आणि तिनं अडसर काढला. गुरं बाहेर पडली आणि गुरांमागे माणसं.

सगळी मात्र निघाली नाहीत. वरच्या आळीतली पन्नासेक घरं निरंजनकडे बघून थांबली. साहेब बसला आहे, तर आपण कशाला पळायचं, असं त्यांचं म्हणणं. तेही काही चूक नव्हतं.

*

माळावर रात्र बसून गेली. जमीन खालून सारखी ढोसत होती. गवतात हाताएवढ्या रुंदीच्या भेगा पडल्या होत्या आणि त्यातून कोमट वाफ येत होती. ओल्दोराच्या माथ्यावर तांबूस उजेड होता. पोरं रडून रडून झोपली, गुरं झोपलीच नाहीत. कोणत्याही शहाण्या माणसाला विचारलं असतं, तर धोका कुठे आहे ते त्यानं पुढच्या डोंगराकडे बोट करून सांगितलं असतं.

सकाळ झाली आणि कडा जिथल्या तिथे होता. कोवळं ऊन पडून तो इतका सुंदर दिसत होता की हेमांगीनं नजर दुसरीकडे वळवली.

माणसं कुजबुजायला लागली. पाणी संपत आलं होतं. मागे राहिलेल्या शेळ्यांची धार काढायची होती. दोन-चार बाया उठून उभ्या राहिल्या, गावाकडे बघू लागल्या आणि मग हेमांगीकडे बघू लागल्या. मुतुआंचे फोन येत होते, ते ती घेत नव्हती. तिच्या मनात एकच होतं: गाडी काढावी, वर जावं आणि निरंजनला कॉलर धरून आणावं. वीस मिनिटांचा रस्ता. ती उठायला लागली.

बाबांनी पदर धरावा तसं तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"बस खाली."

"बाबा, मी त्यांना घेऊन लगेच येते."

"तू त्या वाटेला लागलीस की ही समदी तुझ्यामागं लागतील. ह्यास्नी वाटंल, झालं, काय भ्या न्हाय, हीच चालली परत. काल मी चाललो तसंच हाय हे. तुला आता उठता येणार न्हाय, पोरी."

तिनं आजूबाजूला पाहिलं. हजारो डोळे तिच्यावर होते. नासिएकू तर सरळ समोर येऊन बसली होती आणि तिच्या गुडघ्यांकडे बघत होती, ते सरळ होतात की नाही ते. हेमांगी बसली. आयुष्यात यापेक्षा अवघड काम तिनं कधी केलं नव्हतं. तिनं फोन लावला.

"झोपलीस का?" निरंजननं विचारलं.

"निरंजन, मला तिकडे येता येत नाही. मी उठले तर हे सगळे उठतील. मला इथे बसून राहावं लागतंय. कळतंय का तुला?"

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"रात्रभर इथे पान हललं नाही," तो म्हणाला. "तिकडे?"

"इकडे सारखं हलतंय."

"मग?"

"तेच सांगतेय. इथलं निघून जातंय. तुझ्याकडे साठतंय."

"तू मला घाबरवतेस."

"मी घाबरलेय. खूप घाबरलेय. तू खुर्चीवरून उठ. तू उठलास तर तुझी माणसंही उठतील. माझ्या गणितासाठी नको, माझ्यासाठी उठ."

"चहा आलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा होता, पण जरा पातळ. "चहा घेतो, मग बघतो."

तिनं फोन खाली ठेवला, दोन्ही तळहात गवतावर टेकले आणि ती अर्धा तास तशीच बसून राहिली. त्यामुळे ते तिच्या कानांच्या आधी हातांना कळलं. महिनाभराचे धक्के खालून ढोसणारे होते. हा बाजूनं आला, लांबून, खोलून, आणि थांबेचना. बसलेली माणसं आडवी झाली. गुरं गुडघ्यांवर पडली. बाबांचं पातेलं वळकटीतून निसटून घरंगळत गेलं. पूर्वेला कड्याचा माथा आधी पुढे झुकला, अगदी सावकाश, आणि मग कडा नव्हताच, लाल धुळीची भिंत होती आणि ती माळाकडे येत होती. आवाज मागाहून आला. तेवढा वेळ कुणी ओरडलंही नाही.

*

निरंजनचा देह दोन दिवसांनी सापडला. कचेरीत नव्हे, शाळेच्या बऱ्याच खालच्या वळणावर, रस्त्यात. त्याच्यामागे वरच्या आळीची माणसं होती. रांगेत पुढे असलेली काही वाचली होती. त्यातली एक म्हातारी हेमांगीला भेटायला आली. साहेबानं चहाचा पेला तोंडाला लावलाच नाही, ती म्हणाली. फोन ठेवला, चहा जमिनीवर ओतला आणि शिटी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. पुढच्यांना पळवत होता, मागच्यांसाठी थांबत होता.

म्हणजे त्याला पटलं होतं. आदल्या दुपारी पटलं असतं तर, हा विचार हेमांगी रोज करते आणि रोज मध्येच सोडून देते.

महिन्याभरानं माळावर तंबूंचं गाव झालं होतं. मुतुआंनी आपण होऊन माफी मागितली आणि पाठोपाठ कामही दिलं: ताणपट नव्यानं शिकवा, या लोकांना कुठे न्यायचं ते सांगा. तिनं यंत्रमेंदूला दक्षिणेची नोंद दिली, करड्या ठिपक्यांना पुन्हा बोलतं केलं. नवा नकाशा उघडला तेव्हा ओल्दोरा लाल होता, तुटलेली कड पिवळी होती, आणि रेट पुढच्या तुकड्याच्या कडेकडे सरकलेला होता. तिथे एक मोठं शहर होतं. परवापर्यंत ते हिरवं होतं, हिरवं म्हणूनच वाढलेलं. आता यंत्रमेंदूनं त्याला कुठलाच रंग दिला नव्हता. विचारलं तर तो म्हणत होता, नोंद अपुरी. हेमांगीनं मग आणखी एक काम केलं, नकाशातला हिरवा रंग काढून टाकला.

त्या दुपारी नासिएकू तंबूशी आली. बाबा दगडांच्या चुलीवर चहा ठेवून बसले होते. घरंगळलेलं पातेलं त्यांना सापडलं होतं, एका बाजूनं चेपलेलं. नासिएकू त्यांच्याशेजारी टेकली आणि हेमांगीला म्हणाली,

"पावसाच्या आधी आम्हाला इथून हलायला हवं. कुठे जायचं ते तू सांगणार आहेस म्हणतात. मला तुझे रंग कळत नाहीत. एवढंच सांग, आता तुझ्या बापाला कुठे ठेवतेस?"

हेमांगीनं मांडीवरच्या पडद्याकडे पाहिलं. ओल्दोरापासून समुद्रापर्यंत तिनं नकाशा सरकवून पाहिला, पुन्हा मागे आणला. बोट ठेवावं अशी एकही जागा तिला सापडली नाही.

जमीन हलली. चुलीवरचं झाकण वाजायला लागलं. बाबांनी सवयीनं तळहात पुढे केला आणि झाकणावर दाबून धरला. दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, ते नेहमीचं "बारका हाय" ऐकायला.

हलणं थांबलं. चहा उकळून पातेल्याच्या कडेनं उतू जात होता. बाबांनी हात काढला नाही, आणि ते काही बोललेही नाहीत.